थंडी, घाम, हाडांचा ठणका आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरांसाठी

‘वायरल आहे, चार दिवसांत जाईल’ हे वाक्य बहुतेक वेळा खरं ठरतं. पावसाळ्यात आपल्याकडे येणारे पुष्कळसे ताप आठवड्याच्या आत आपोआप जातात. हा लेख त्या तापांसाठी नाही. ताप गेला, माणूस कामाला लागला आणि दहा-पंधरा दिवसांनी संध्याकाळी पुन्हा हुडहुडी भरली, पहाटे अंथरूण घामाने भिजलं, कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकायला लागली. पुन्हा सलाईन, पुन्हा इंजेक्शन, पुन्हा चार दिवस बरं. अशा दोन-तीन फेऱ्या झालेल्यांसाठी हे लिहितोय.

माझं काम लॅबमधलं, रक्त काढायचं आणि स्लाइड बनवायची. निदान डॉक्टरांनी करायचं. पण काउंटरच्या या बाजूला बसून एक गोष्ट सारखी दिसते. निदान मशीन नाही म्हणून क्वचितच अडतं. ते अडतं पेशंटने न सांगितलेल्या आणि गर्दीत कुणी न विचारलेल्या गोष्टीवर. घरची म्हैस मागच्या महिन्यात गाभडली. मुलगा मंगळूरला बांधकामावर होता. पहिल्या तापात मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या घेऊन झाल्या होत्या. ही माहिती तुमच्याकडेच असते. ती नीट मांडून डॉक्टरांपुढे कशी ठेवायची, हा या लेखाचा मुख्य भाग.

आधी ठरवा: थांबायचं की आत्ता निघायचं

वही, तपासण्या वगैरे सगळं नंतर. पुढचं काही दिसलं तर त्याच तासाला दवाखाना गाठा, रात्र असली तर १०८ ला फोन करा: बोलण्यात विसंगती किंवा गुंगी, झटका, मान ताठरणं, धाप, डोळे पिवळे होणं, हिरड्या-नाकातून किंवा शौचावाटे रक्त, थांबत नसलेल्या उलट्या, पोटात जोराची कळ, हातपाय गार पडणं, दिवसभरात लघवी जवळजवळ न होणं. मूतखड्याचा त्रास असलेल्याला एका कुशीत कळ आणि थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघू नका. वर अडकलेल्या लघवीत पू झाला तर काही तासांत गंभीर होतं.

गरोदर बाई, तीन महिन्यांखालचं बाळ, केमोथेरपी चालू असलेला, डायलिसिसवरचा किंवा प्लीहा काढलेला माणूस यांना तापात थांबायची मुभा नाही. आणि डेंग्यूबद्दल एक गोष्ट अजून घराघरांत पोचलेली नाही: तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होतो. ‘ताप गेला, पण माणूस निपचित पडलाय’ असं असेल तर ते बरं होण्याचं लक्षण समजू नका.

चार दिवसांची वही

डिजिटल थर्मामीटर शे-दीडशे रुपयांत मिळतो. काखेत घाम असेल तर पुसून लावा. गरम चहा, आंघोळ किंवा ओल्या फडक्याने पुसल्यानंतर अर्धा तास थांबा. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा थोडा कमी येतो, म्हणून दर वेळी एकाच जागी मोजा आणि जागा लिहून ठेवा. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला की ताप धरायचा. ‘अंग कढत लागतंय’ ही नोंद होत नाही.

आता वहीचं एक पान बघू. ‘मंगळवार. दुपारी ३ ला ९८.८. ४ ला थंडी, दोन रजया घेतल्या. ५ ला १०२.६. सव्वापाचला पॅरासिटामॉल ६५०. ७ ला दरदरून घाम, ९९.२. रात्री साडेअकराला पुन्हा थंडी.’

घरचे सांगतात, दिवसातून दोनदा ताप येतो. पण नीट वाचा. सातचा घाम गोळीचा आहे. तिने ताप खाली ओढला आणि सहा तासांनी जोर संपल्यावर ताप पुन्हा चढताना थंडी वाजली. म्हणजे ताप एकच, मध्ये गोळी आली. गोळीची वेळ लिहिली नसती तर डॉक्टरांना दोन वेगळे ताप वाटले असते. म्हणून गोळीचं नाव आणि वेळ हा या वहीतला सगळ्यात मोलाचा रकाना. पॅरासिटामॉल घ्यायलाही हरकत नाही. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० ची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर. सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही तेच औषध असतं, त्यामुळे दोन्ही एकत्र घेऊन डोस दुप्पट करू नका.

याच वहीत रोज तीन गोष्टी आणखी लिहा. दुखतं नक्की कुठे: सांधा, दोन सांध्यांमधलं हाड, पोटऱ्या की पाठीच्या कण्यात एकाच मणक्यावर. ‘सगळं अंग’ असं लिहायचं नाही. बोट ठेवून दाखवता येतं का ते बघा. रात्री कपडे बदलावे लागले का. आणि आठवड्यातून एकदा वजन. कपडे बदलावे लागतील इतका घाम आणि उतरतं वजन या जोडीकडे कुठलाही डॉक्टर दुर्लक्ष करणार नाही. पंखा बंद होता म्हणून आलेला घाम यात धरू नका.

वहीच्या शेवटच्या पानावर: कुठे होतात, कशाला हात लागला

गेल्या वर्षभराचं आठवा. मुंबई, मंगळूर किंवा दुसऱ्या गावी कामाला किंवा मुक्कामाला गेला होता का? गोठ्यात कुठलं जनावर गाभडलं, वार (जार) अडकली, ती कुणी हाताने काढली? धारोष्ण दूध कोण पितं? जांबोटी, कणकुंबी, लोंढ्याच्या बाजूला जंगलात लाकूडफाट्याला, गुरांमागे, मधाला कोण गेलं? अंगावर गोचीड सापडली का? लावणीच्या चिखलात अनवाणी, पायाला चीर असताना किती दिवस? घरात कुणाला खोकला, कुणाला टीबी झालेला? कारखान्यात काम काय? हृदयाच्या झडपेचा आजार, शुगर, नुकतंच दातांचं काम? आधीचे ताप कधी आले आणि त्यांत काय काय औषधं घेतली? रिकामी पाकिटं असली तर तीच पिशवीत टाका. ‘पांढरी गोळी, लाल गोळी’ यावरून कुणालाच काही कळत नाही.

आता या उत्तरांवरून कुठला संशय कुठे जातो ते बघू. काही आजारांवर मी जास्त लिहिलंय, कारण आपल्याकडे तेच निसटतात.

मलेरिया, आणि अर्धवट राहिलेले चौदा दिवस

थंडी, मग ताप, मग घाम हा क्रम सगळ्यांना पाठ आहे. व्हायवॅक्स मलेरियात तो एक दिवस आड येतो, पण सुरुवातीचे काही दिवस ताप रोजही येऊ शकतो. म्हणून ‘एकाआड नाही, म्हणजे मलेरिया नाही’ असं समजू नका.

पुन्हा पुन्हा येण्याचं खरं कारण यकृतात आहे. व्हायवॅक्सचे काही जंतू तिथे झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी जागे होतात. तीन दिवसांच्या क्लोरोक्विनने रक्तातले जंतू मरतात, माणूस ठणठणीत होतो आणि चिठ्ठीवरची दुसरी गोळी, प्रायमाक्विन, पाचव्या दिवशी सोडून देतो. ती १४ दिवसांची असते आणि यकृतात झोपलेल्यांवर तीच काम करते. गेल्या वर्षी मलेरिया झाला होता आणि आता तसाच ताप येतोय असं असेल, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: ‘चौदा दिवसांचा कोर्स पूर्ण केला नव्हता.’ प्रायमाक्विन मनाने मात्र घेऊ नका. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ती देत नाहीत. जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता असलेल्यांत ती रक्तपेशी फोडते. गोळी चालू असताना लघवी काळपट झाली तर गोळी थांबवा आणि ताबडतोब दाखवा.

रक्त कधी द्यायचं? थंडी वाजत असतानाच द्यायला हवं, अशी समजूत आहे. त्या वेळी दिलं तर चांगलंच, पण त्यासाठी दिवस घालवू नका. बोटाच्या एका थेंबातून जाड आणि पातळ असे दोन लेप काढतात. जाड लेपात जंतू आहे का ते शोधायचं, पातळ लेपात तो कुठल्या जातीचा ते ठरवायचं. पहिली स्लाइड कोरी आली आणि संशय कायम राहिला तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, असं तीन वेळा बघणं हा रीतसर मार्ग आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी आणि औषध मोफत आहे. आशाताईंकडे झटपट तपासणीची पट्टीही असते.

ब्रुसेलोसिस: गोठ्यातून येणारा ताप

दूध-दुभत्यावर चालणाऱ्या आपल्या गावांत हे नाव आश्चर्य वाटावं इतकं कमी ऐकू येतं. दुपारनंतर चढणारा ताप, रात्री घाम, कंबर आणि खुब्याच्या सांध्यात खोल ठणका, गळून गेल्यासारखं वाटणं. काही दिवस बरं, मग पुन्हा. पुरुषांत कधी वृषणाला (अंडाच्या गोळीला) सूज. माणूस दिसायला फारसा आजारी नसतो, त्यामुळे ‘कामचोर झालाय’ हेही ऐकून घेतो.

जंतू येतो तो कच्च्या दुधातून किंवा गाभडलेल्या जनावराच्या वार-पाण्याला उघडा हात लागल्याने. गाय-म्हैस गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत गाभडली आणि वार अडकली की घरातलाच कुणीतरी कोपरापर्यंत हात घालतो. हातमोजे गोठ्यात नसतात. तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, ताप सुरू होतो, तेव्हा त्या दिवसाशी कुणी संबंध जोडत नाही.

दूध उकळलं की जंतू मरतो. उकळलेल्या दुधाचं दही, ताक, वाफवलेला खरवस यांची भीती नको, आणि तासन्‌तास आटवलेल्या आपल्या कुंद्याची तर मुळीच नको. भीती आहे ती धार काढता काढता पेलाभर तोंडाला लावण्याची.

निदानासाठी डॉक्टरांना विचारा: ‘घरी जनावरं आहेत, ब्रुसेलाची तपासणी करायची का?’ रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी होते, शिवाय ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू बाटलीत वाढवून बघणं. कल्चर देताना लॅबला संशय सांगाच. एक तर हा जंतू हळू वाढतो, बाटली जास्त दिवस ठेवावी लागते. दुसरं म्हणजे तो लॅबमध्ये काम करणाऱ्यालाही लागतो. ही विनंती माझ्या जमातीसाठी.

उपचार साधारण सहा आठवडे, दोन औषधं मिळून. डॉक्सिसायक्लिन असतंच, जोडीला रिफॅम्पिसिन किंवा इंजेक्शन. दहा दिवसांत बरं वाटतं म्हणून सोडलं की आजार उलटतो. आणि गोठ्याचंही बघा: चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना ब्रुसेलाची लस सरकारी कार्यक्रमातून देतात. गाभडलेलं जनावर पशुवैद्यांना दाखवा, वार कुत्र्यांपुढे न टाकता चुना घालून खोल पुरा.

टीबी फक्त छातीत नसतो

संध्याकाळची कसर, रात्री घाम, वजन उतरणं आणि दोन आठवड्यांवर खोकला हे चित्र ओळखीचं आहे. खोकला नसला तर टीबी कुणाच्या मनात येत नाही, तिथे मणक्याचा टीबी महिनोन्‌महिने लपतो. एकाच जागी, रात्री जास्त ठणकणारी पाठ, तिथे टिचकी मारली तरी कळ, सोबत ताप. पायांत मुंग्या, चालताना अडखळणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं सुरू झालं तर तोच दिवस एमआरआयचा.

इथे एक गुंता आहे. ब्रुसेला आणि टीबी दोन्ही मणक्यात बसतात, दोन्हींत रात्री घाम येतो आणि रिफॅम्पिसिन दोन्हींत वापरतात. ब्रुसेला समजून नुसतं ते दिलं आणि आत टीबी निघाला, तर टीबीचा जंतू त्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. म्हणून कण्याच्या दुखण्यात डॉक्टरांनी सुईने तुकडा काढून तपासू म्हटलं तर घाबरून नकार देऊ नका. सरकारी यंत्रणेत टीबीची मॉलिक्युलर तपासणी आणि औषधं मोफत आहेत. पेशंटच्या आहारासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे महिना ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. नाव नोंदवताना बँक पासबुक न्या.

पाऊस, चिखल, रान

डेंग्यू आणि चिकुनगुनिया दोन्ही दिवसा चावणाऱ्या एडिस डासाचे. डेंग्यूत हाडं मोडल्यासारखी दुखतात, पण ताप महिनाभर मागे लागत नाही. चिकुनगुनियात ताप जातो आणि सांधे महिनोन्‌महिने धरून राहतात. २००६ च्या साथीत कर्नाटक-महाराष्ट्रातल्या गावागावांनी ते भोगलंय. पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूची एनएस-वन तपासणी उपयोगी, त्यानंतर आयजीएम. डेंग्यूची शक्यता मिटेपर्यंत डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नको. पपईच्या पानांचा रस शोधत गावभर फिरण्यापेक्षा घोट घोट पाणी पाजणं आणि रक्तदाब-लघवी बघणं जास्त कामाचं.

स्क्रब टायफस मात्र लक्षात ठेवा. गवत-झुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो, पावसाळ्यात आणि तो सरता सरता जास्त. चावल्याचं कळत नाही. मागे राहतो काळा, कोरडा, भोवती लालसर कडा असलेला खपलीसारखा डाग, सिगरेटचा चटका बसावा तसा. तो दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंट सांगत नाही. बसतो तोही आडजागी: काखेत, जांघेत, स्तनाखाली, करगोट्याच्या खाली. घरच्या माणसानेच करगोटा बाजूला सरकवून, उजेडात अंग बघावं. असा डाग दिसला तर डॉक्टरांना दाखवायचाच. वेळेवर डॉक्सिसायक्लिन मिळालं तर दोन दिवसांत फरक दिसतो. उशीर झाला तर फुप्फुसं आणि मूत्रपिंडांवर येतं.

भातलावणीनंतर ताप, डोळे लालबुंद आणि पोटऱ्या दाबू देणार नाहीत इतक्या दुखत असतील तर लेप्टोस्पायरोसिस. हा ताप कधी मध्ये दोन-चार दिवस उतरून पुन्हा चढतो.

माकडताप, म्हणजे क्यासनूर जंगलाचा ताप, १९५७ मध्ये शिवमोग्ग्याच्या क्यासनूर रानात ओळखला गेला. खानापूरला लागून असलेल्या गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गच्या दोडामार्गात तो येऊन गेलाय, तेव्हा घाटाकडच्या गावांनी तो ‘तिकडचा’ समजू नये. गोचिडीतून येतो, डिसेंबर ते मे हा हंगाम. आठवडाभर ताप, मग एक-दोन आठवडे ठीक, आणि काहींना दुसऱ्या फेरीत मेंदूचा त्रास. रानात माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

टायफॉईडबद्दल एवढंच, की एकट्या विडाल या रक्ततपासणीवर विश्वास ठेवू नका. जुन्या संसर्गानेही ती पॉझिटिव्ह येते. ‘दर वर्षी दोनदा टायफॉईड होतो’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांचं कधी ब्लड कल्चर झालंय ते विचारून बघा.

आत कुठेतरी साठलेला पू

दातखीळ बसेल अशी हुडहुडी पुन्हा पुन्हा येणं म्हणजे जंतू थोड्या थोड्या अंतराने रक्तात उतरतायत असं असू शकतं. जागा ठराविक असतात: किडनी आणि लघवीचा मार्ग, पित्ताची नळी, यकृतातलं गळू (उजव्या बरगडीखाली दुखणं, बऱ्याचदा दारूची सवय), हाडातला पू, आणि हृदयाची झडप. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन झडप खराब झालेल्या माणसाला आठवड्याहून जास्त ताप आला, तर अँटिबायोटिकच्या आधी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या शिरांतून तीन ब्लड कल्चर घेतात. दोन गोळ्या आधीच पोटात गेल्या असतील तर तिन्ही बाटल्या कोऱ्या राहू शकतात. एचआयव्हीची मोफत, गुप्त तपासणीही लांबलेल्या तापात सगळ्यांचीच करतात. विचारलं म्हणून अपमान वाटून घेऊ नका.

कामातून येणारी थंडी

उद्यमबाग, मच्छे भागात पितळ ओतणारे किंवा जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप वेल्डिंग करणारे कामगार रात्री थंडी-ताप, अंगदुखी आणि घामाने हैराण होतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठीक. जस्ताच्या धुराने येणारा हा ताप आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला जास्त येतो, कारण रोजच्या धुराची झालेली सवय एका सुट्टीत मोडते. वहीत तापाशेजारी पाळी आणि काम लिहिलं की दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट होतं.

निपाणीकडे दवाने ओल्या तंबाखूत शेंडे खुडणाऱ्या बायकांना मळमळ, गरगर, घाम, कापरं असं होतं. ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून अंगात जातं. अंग तापत नाही, हाच फरक. रबरी मोजे, ओले कपडे लगेच बदलणं, दव वाळल्यावर शेतात उतरणं याने पुष्कळ टळतं.

ताप नाही, पण घाम आणि हाडदुखी आहे

थर्मामीटर कायम साधा दाखवतो, तेव्हा रस्ता बदलतो. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला थरथर, घाम, भूक: लगेच ग्लुकोमीटर लावा, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून. भूक असून वजन घटतंय, छाती धडधडते, तर थायरॉइड. पाळी जायच्या वयातले गरम झोत ओळखीचे असतात, पण त्या नावाखाली ताप आणि उतरतं वजन खपवू नये. बायकांच्या बाबतीत ते सर्रास होतं. नुसती हाडदुखी, जिना चढताना मांड्यांत दम नाही, तर ड जीवनसत्त्व.

आणि रक्ताचे आजार, कर्करोग धरून. मुलाचं रात्री हाड दुखतं, ते लंगडतं, फिकट पडलंय, अंगावर निळे डाग आहेत. मोठ्या माणसाच्या मानेत-काखेत न दुखणाऱ्या गाठी आणि रात्रीचा घाम. पन्नाशीनंतर न थांबणारी कंबर-बरगड्यांची हाडदुखी, हिमोग्लोबिन कमी, ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी तपासणी) शंभराच्या आसपास. यात सीबीसी म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीबरोबर स्लाइड माणसाच्या डोळ्याने बघून घ्या, मशीनच्या आकड्यांवर थांबू नका. पन्नाशीवरच्यांत प्रथिनांचं इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रथिनं वेगळी करून बघणारी तपासणी) लागेल का ते विचारा.

तपासण्यांचा क्रम, आणि काय करायचं नाही

आठवड्यावर गेलेल्या किंवा परतून आलेल्या तापात पहिल्या फेरीत साधारण हे पुरतं: सीबीसी आणि स्लाइड, मलेरिया, सीआरपी किंवा ईएसआर, यकृत-किडनीचे आकडे, शुगर, लघवी, छातीचा एक्सरे आणि अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर. मोठ्या माणसाच्या कल्चरला एका बाटलीत आठ-दहा मिली रक्त लागतं. ‘एवढं रक्त कशाला’ म्हणून वाद घालू नका, कमी रक्तात जंतू सापडत नाही. दुसरी फेरी वहीवरून ठरते: गोठा असेल तर ब्रुसेला, रान असेल तर स्क्रब, हुडहुडी आणि कुशीत दुखणं असेल तर पोटाची सोनोग्राफी. जाहिरातीतल्या ‘फुल बॉडी पॅकेज’मध्ये ही दुसरी फेरी सहसा नसते.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातलं ‘ताकदीचं’ सलाईन आणि जोडीचं इंजेक्शन हा आपल्या भागातला जुना रोग आहे. इंजेक्शनमध्ये काय होतं ते विचारून वहीत लिहून घ्या. त्यात स्टिरॉइड असलं तर ताप-दुखणं दोन दिवस झाकलं जातं, टीबी बळावतो आणि रक्ताच्या कर्करोगाचं निदान धूसर होतं. आधीच्या कोर्समधल्या उरलेल्या गोळ्याही डब्यात ठेवू नका.

कुठे जायचं, काय न्यायचं

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुका रुग्णालयात. तिथे उलगडा झाला नाही तर बेळगावचं जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स, केएलईचं रुग्णालय, आणि निपाणी-चिकोडीकडून कोल्हापूरचं सीपीआर किंवा मिरज सोयीचं. डॉक्टर बदलावा, फाइल बदलू नये. दर वेळी नव्या दवाखान्यात शून्यापासून सुरू करणं हे निदान लांबण्याचं मोठं कारण आहे. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, सगळ्यात वर वही.

बेळगाव शहरात मराठीत बोलून भागतं. सौंदत्ती-रामदुर्गाकडच्या केंद्रात सिस्टरना चार शब्द कानडीत सांगितले तर काम लवकर होतं: चळी ज्वर (थंडीताप), बेवरु (घाम), मूळे नोवु (हाडदुखी), आणि एकाआड येत असेल तर दिन बिट्टु दिन.

खर्चासाठी आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक आहे. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली. दोन सरकारांची त्यावरून जी जुंपायची ती जुंपली, आपण भरतीआधी त्या त्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे आपलं गाव आणि आजार यादीत आहे का ते विचारून घ्यावं.

उपचार सुरू झाल्यावर वही बंद करू नका. औषधाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशीही ताप तसाच असेल तर डॉक्टरांना दाखवा; निदान किंवा औषध पुन्हा तपासावं लागेल. कोर्स संपल्यावर महिनाभर आठवड्यातून एकदा वजन आणि कणकण वाटली तर ताप लिहा. मलेरिया किंवा ब्रुसेला निघाला असेल तर पुढचे काही महिने कुठल्याही तापाला डॉक्टरांपुढे त्या आजाराचं नाव आधी घ्या. ब्रुसेला निघालेल्या घरात तेच दूध प्यालेल्या आणि त्याच गोठ्यात राबणाऱ्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या, टीबी निघालेल्या घरात सगळ्यांची छाती.